न शिकवलेल्यांची खोली

माणूस शिकतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो शिकवल्यामुळेच शिकतो, हे दर वेळी नव्याने सिद्ध करावे लागते, आणि तेवढ्यासाठी शिक्षणशास्त्र विभाग नावाची दुमजली इमारत उभी आहे. त्या इमारतीत लहान मूल आढळत नाही. मुलांवर संशोधन चालू असताना मुले आली तर व्यत्यय येतो.

माझी भाची तिथे पदव्युत्तर पदवी घेत होती. ती एका शाळेत शिकवते आणि उत्तम शिकवते. पण उत्तम शिकवणे ही तात्पुरती पात्रता धरतात. पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर वर्षअखेर घरी. पदवीला प्रबंध लागतो, प्रबंधाला निरक्षर लागतात, आणि चांगले निरक्षर मिळणे अलीकडे कठीण झाले आहे. तेव्हा तिला मामा आठवला. मी जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, सहीच्या जागी अंगठा.

"मामा, तू आहेस म्हणून बरं," ती म्हणाली. माझ्या या गुणाचे कोणी कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ.

प्रयोग असा होता. तिच्या मार्गदर्शकांनी प्रौढांना अक्षरे शिकवण्याची एक पद्धत काढली होती. नाव 'अनुभूतिकेंद्री अक्षरबोध'. ती किती गुणकारी आहे हे मोजण्यासाठी आमच्यासारख्यांचे दोन गट पाडायचे. एकाला पद्धतीने शिकवायचे. तो प्रायोगिक गट. दुसऱ्याला काही म्हणजे काही शिकवायचे नाही. तो नियंत्रित गट. वर्षअखेर दोघांची एकच परीक्षा. दोन्ही गटांना मिळून 'नमुना' म्हणत. (बायको मला हे आधीपासूनच म्हणते, पण तिच्याकडे पदवी नाही.) चिठ्ठ्या टाकल्या. माझा शेजारी न्हावी शिकणाऱ्यांत गेला आणि मी न शिकणाऱ्यांत.

शिकवायचेच नाही तर आम्हाला घरी का बसू देत नाहीत, अशी एक अडाणी शंका तेव्हा निघाली. (ती मीच काढली होती.) तिचे उत्तर असे की दोन्ही गटांची परिस्थिती समान हवी, फरक फक्त शिकवण्याचा. म्हणून आम्हीही रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीत दोन तास बसत असू. तसेच बाक, तेवढाच उजेड, तोच चहा, तशीच हजेरी. आम्हाला एक शिक्षकही होता. तो शिकवत नसे. त्यासाठी त्याला खास प्रशिक्षण दिले होते. ते दिले नसते तरी चालले असते, असे माझे मत आहे.

अडचण एकच होती. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला काचेच्या खिडक्या होत्या आणि पलीकडचा फळा आम्हाला दिसे. न शिकवलेल्या माणसाला चुकून काही कळले तर त्याला शास्त्रात 'ज्ञानगळती' म्हणतात, आणि ती झाली की प्रबंध फुकट. मार्गदर्शकांनी तातडीची बैठक घेतली आणि काचांवर रद्दीची वर्तमानपत्रे चिकटवण्याचा निर्णय झाला. एकाच बाजूने चिकटवली तर परिस्थिती असमान होईल, म्हणून दोन्ही बाजूंनी.

अशा रीतीने, अक्षरांपासून आमचे रक्षण व्हावे म्हणून, आमच्यासमोर छापील अक्षरांची अख्खी भिंत उभी राहिली.

आता दोन तास माणूस करणार काय? माझ्या नाकासमोरच्या पानावर एका फर्निचरच्या दुकानाची जाहिरात होती. खुर्ची, पलंग, कपाट, गादी, आणि प्रत्येक चित्राखाली काहीतरी लिहिलेले.

शेजारी बसणारी भाजीवाली म्हणाली, "मिस्तरी, खुर्चीखाली काय लिहिलं असेल हो?"

"खुर्चीच. दुकानदार काय कोडी घालत बसणार आहे?"

ती जरा वेळ बघत राहिली. "मग पलंगाच्या शेवटी आहे तेच गादीच्या सुरुवातीला दिसतंय."

शिक्षकाने मान वर केली. त्याला दिलेल्या सूचनांत शिकवू नये असे होते. थांबवावे असे कुठेच नव्हते. त्याने मान खाली घातली.

त्या दुकानदाराला शिक्षणशास्त्राचा गंध नसावा. त्याला फक्त पलंग विकायचा होता. त्यामुळे त्याची पद्धत फारच ढोबळ होती: वस्तू दाखवायची आणि खाली तिचे नाव लिहायचे.

पलीकडच्या खोलीत काम पुष्कळ खोलवर चालले होते. न्हावी चहाला भेटला की मिशीवरून हात फिरवायचा. "आज 'क' झाला."

"कसा असतो?"

"ते अजून आलं नाही. आधी डोळे मिटून गोल बसायचं आणि 'क'बद्दल आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. मी म्हणालो, भीती वाटते. तुझ्या भाचीनं लिहून घेतलं. सरांनी टाळ्या वाजवल्या."

मी त्याचे अभिनंदन केले.

काही महिन्यांत आमची खोली जाहिरातींवरून बातम्यांवर आली. माझ्या काचेवर एक बातमी होती. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचे दोन्ही काटे चोरीला गेले होते. पोलिसांनी कसून शोध घेतला आणि एकाला पकडले. त्याला पाहून सगळ्या गावाला धक्का बसला, कारण तो... उर्वरित मजकूर पान पाचवर. पान पाच आमच्या बाजूला नव्हते. मी खोलीतल्या सगळ्या काचा धुंडाळल्या.

शेवटी चहाच्या वेळी न्हाव्याला गाठले. "तुमच्या बाजूला पान पाच आहे का बघ. काटे कोणी चोरले तेवढंच वाच."

"मला कुठं येतं वाचायला?" तो म्हणाला. "मी शिकतोय."

भाची आमच्या मागेच उभी होती. तिने हातातला कप खाली ठेवला.

"मामा, तुला वाचता येतं?"

"येतं बहुतेक."

"कुणी शिकवलं?"

"शपथ घेऊन सांगतो, कुणीही नाही."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना येतं. भाजीवालीची जोडाक्षरं जरा कच्ची आहेत."

ती मटकन बाकावर बसली. मला वाटले होते, तिला आनंद होईल. शेवटी ती शिक्षिका आहे. ती क्षणभर हसलीही असावी, पण लगेच तिला आपण संशोधक असल्याचे आठवले.

"तुमचा गट वर आला तर सर सही करणार नाहीत, मामा. सही नाही तर पदवी नाही. मग शाळेत दुसरी कुणी येईल." माझ्याकडे तिने मागितले काहीच नाही.

हा निर्णय सोपा होता असे मी म्हणणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी परीक्षा घेणार होते, आणि मला उत्तरे येत होती.

परीक्षेच्या दिवशी कागद हातात आला. सगळ्यात वर होते, 'आपले नाव लिहा.' मी ते वाचले. (वाचल्याचे तोंडावर दिसू न देणे वाचण्यापेक्षा अवघड असते, त्याचे वर्ग निघायला हवेत.) मग पेन बाजूला ठेवून अंगठा लावला. खाली सगळे कोरे.

"इतकी वर्षं लावला, त्यात आणखी एक," भाजीवाली पुटपुटली आणि तिनेही लावला. तिच्यामागे सगळ्या खोलीने लावला. शिक्षकाने कोरे कागद प्रेमाने गोळा केले. त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे ते फळ होते.

प्रायोगिक गटाला पन्नासपैकी सरासरी तीन गुण पडले (दोन स्वच्छतेचे). आम्हाला शून्य. तिनाला शून्याने भागले की पद्धतीची परिणामकारकता अमर्याद येते, हे मार्गदर्शकांनी तोंडी परीक्षेत फळ्यावर मांडून दाखवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उलटसुलट पाहिला आणि समास अर्धा इंच कमी असल्याचा गंभीर आक्षेप घेतला. समास वाढवला. भाचीला पदवी मिळाली, नोकरी कायम झाली, आणि अमर्याद परिणामकारक म्हणून ती पद्धत सगळ्या शाळांना लागू झाली.

खिडक्यांच्या काचा साबणाने धुतल्या. काटे कोणी चोरले, ते मला अजून कळलेले नाही.

परवा भाची घरी आली. आता ती त्या पद्धतीची मुख्य प्रशिक्षक आहे. बरोबर तिची तिसरीतली मुलगी होती. पोर गोड आहे. 'क'विषयी तिला काय वाटते ते ती डोळे मिटून इतके छान सांगते की ऐकत राहावे. फक्त तो तिला ओळखता येत नाही.

पोरगी खेळायला बाहेर गेली तशी भाची हळूच म्हणाली, "मामा, हिला रोज संध्याकाळी तुझ्याकडे बसवशील?"

"मला कुठं शिकवता येतं, बाळ?"

"म्हणूनच म्हणते. शिकवू नकोस. नुसती बसव."

मी माळ्यावरून रद्दी काढली आणि बायकोला खळ शिजवायला सांगितले.

वाचकांच्या माहितीसाठी एवढेच: हे तुम्हाला इथवर वाचता आले, त्या अर्थी तुम्ही पद्धत लागू होण्यापूर्वीचे आहात. घरातल्या मुलांना मात्र तुम्हालाच वाचून दाखवावे लागेल. ऐकून त्यांना काय वाटले तेही विचारा. फार सुंदर सांगतील.