ईराचा होल्डर आणि वरदाची आमटी

डॉ. वरदाला आपल्या लेकीत आजवर कधी काही खोट दिसली नव्हती, आणि सध्या ईराची नेमकी तीच अडचण झाली होती.

ईरा कार्डिफच्या एका शाळेत ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, डिझाइन शिकत होती. सायकलच्या कॅरिअरवर बसेल असा डब्याचा होल्डर तिनं बनवला होता. एकात एक दोन कड्या आणि मधे झुलणारा डबा. सायकल कशीही कलली तरी डबा आपला सरळच. आता सोमवारपर्यंत वापरणाऱ्यांचा फीडबॅक द्यायचा होता.

"आई, सांग ना, यात राँग काय आहे?"

"राँग? काही नाही गं. किती सुबक झालाय! मी सगळ्यांना फोटोसुद्धा पाठवले."

"अगं, पण कुणीतरी फॉल्ट काढायला पाहिजे! फॉल्ट नाही तर इम्प्रूव्हमेंट नाही, आणि मग त्या पूर्ण सेक्शनला झीरो. सर म्हणाले."

"सरांना दिसला का फॉल्ट? नाही ना? मग झालं तर."

शेवटी ईराच्या बाबांनी, अंबरीशनं, तोडगा काढला. वरदाच्या हॉस्पिटलमधले तिघं डॉक्टर सायकलवर ये-जा करायचे. रोज एकानं संध्याकाळी इथून डबा घेऊन घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून होल्डर परत करायचा.

"डब्यात पाणी भर," अंबरीश म्हणाला. "सांडलं की लगेच कळेल."

"पाणी?" वरदा हातातला झारा घेऊन वळली. "माझ्या दारातून माणूस पाण्याचा डबा घेऊन जाणार? शोभतं का ते!"

तिनं चिंच-गुळाची आमटी केली. आमटी पातळ होती, त्यामुळे ईराचीही हरकत नव्हती.

पहिला फॉर्म त्या तिघांतल्या विष्णूकाकांचा आला. 'तुम्ही काय बदलाल?' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'गूळ थोडा कमी. बाकी उत्तम.' ईरानं कपाळावर हात मारला. वरदानं मात्र दुसऱ्या दिवशी गूळ कमी घातला.

मंजिरीमावशीच्या फॉर्मवर ईरानं आधीच मोठ्या अक्षरांत 'प्रश्न होल्डरबद्दल आहेत' असं लिहून ठेवलं. मावशीनं त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'चिंच वाढवली तर बहार येईल. माझी आई ओलं खोबरं घालायची.' वरदानं ओठ घट्ट मिटून तिसऱ्या दिवशी खोबरं घातलं.

आता सगळी भिस्त शशीकाकांवर होती. मेडिकलच्या तोंडी परीक्षेत भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस, आणि राहायला पार पेनार्थला, म्हणजे पाऊण तासाचा रस्ता आणि शेवटी चढ. ते तरी काहीतरी खोट काढतील म्हणून ईरानं शनिवारी सकाळी मोठ्या आशेनं फॉर्म उघडला.

'होल्डर: सुंदर. आमटी: गार.'

ईराचे डोळे भरून आले. "सगळे फक्त आमटी बघतात! माझा होल्डर कुणीच सीरियसली घेत नाही. आता मंडेला सरांना काय देऊ मी?"

पण वरदाचं लेकीकडे लक्षच नव्हतं. तिनं तो कागद हिसकावून घेतला होता.

"गार? मी उकळती ओतली होती! वाफ तर सगळ्यांनी पाहिली. पाऊण तास वाऱ्यावर झुलवत नेल्यावर गार नाही होणार तर काय! नुसत्या दोन कड्या आहेत गं त्या. चारही बाजूंनी वारा लागतो. वर पाऊस थेट झाकणावर! डब्याला काही पांघरूण नको? माझ्या आमटीला कशाला नावं ठेवता? सगळा दोष त्या होल्डरचा आहे!"

अंबरीश चहाचा कप तोंडाशी धरून तसाच थांबला. आपण काय बोललो ते वरदाच्या आत्ता ध्यानात आलं.

"अगं, म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं राजा…"

"नाही, नाही, थांबू नकोस!" डोळे पुसत ईरानं कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि हातात पेन दिलं. "हेच पाहिजे मला! लिही, आई, प्लीज. वारा, पाऊस, पांघरूण, सगळं!"

वरदानं जरा आढेवेढे घेतले. मग 'गार' हा शब्द पुन्हा एकदा वाचला आणि लिहायला बसली. तिनं पुढची बाजू भरली, मागची भरली आणि आणखी एक कागद मागितला. तोवर शेजारी बसून ईरानं डब्याला घालायच्या जाड जॅकेटचं चित्रही काढलं होतं, आणि त्यासाठी तिची नजर अंबरीशच्या समुद्रात पोहायच्या जुन्या रबरी वेटसूटवर होती. इतकी खूश ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

फॉर्मच्या शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का?' असा प्रश्न होता. तिथं वरदानं लिहिलं, 'तीन दिवस, तीन सायकली आणि पेनार्थचा चढ. एवढी पातळ आमटी, पण एक थेंब सांडला नाही. सांडला असता, तर या तिघांनी तेही लिहिलं असतं.'