किसन शाहिराची झील

किसन शाहीर गात असताना कुणी नुसतं ऐकत बसलं, की तो गाणं थांबवायचा. डफ काखेत धरायचा, त्या माणसाकडे बोट करायचा आणि विचारायचा, "तोंड शिवलंय का?" माणूस गायला लागेपर्यंत पुढची ओळ नाही. एकदा हळदीच्या घरी नवरदेवाच्या मामाच्या तोंडात लाडू होता. शाहीर लाडू संपेपर्यंत थांबला. मामानं मुद्दाम हळू चावला, तरी थांबला.

जयपूरला स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरांत तो आमच्या शेजारी राहायचा. यार्डात फिटर होता. माझा मुलगा गार्ड, त्याची बदली झाली म्हणून मीही तिथे. ऐंशी साल उलटून गेलेलं. मराठी घरं थोडीच होती. गावाकडे शाहिराच्या मागे झील धरायला माणसं असायची. त्याने ओळ म्हटली की तिचा शेवट उचलून घोळवायची. इथे तशी माणसं कुठली? मग त्याने अख्ख्या क्वार्टरांनाच मागे उभं केलं.

समोरची भंवरीबाई जोधपूरकडची. तिला मराठीचा गंध नाही. घुंघट नाकापर्यंत ओढून ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं झील धरायची. एकदा तिनं विचारलं, "भाईजी, इसका मतलब क्या है?"

शाहीर म्हणाला, "मतलब बाद में. पहले मुँह खोलो."

एक रेडिओवाला टेप घेऊन आला होता. एकट्याचा आवाज पाहिजे, बाकीच्यांना गप्प बसवा म्हणाला. शाहीर म्हणाला, "एकटा मी फक्त खोकतो." रेडिओवाला कोरी टेप घेऊन गेला. मला हा मूर्खपणा वाटला आणि मी तसं सांगितलं.

"आक्का," तो म्हणाला, "ऐकून माणूस बदलत नाही. भाषण ऐकतो, टाळ्या वाजवतो, घरी जाऊन बायकोवर ओरडतो. स्वतःच्या तोंडून म्हटलं की अडकतो. आणि गाणं असं पाहिजे, शाहीर खाली बसला तरी ते उभं राहिलं पाहिजे."

मी चौथी शिकलेली, पण मला डोळे आहेत. शंकर पॉइंट्समन त्याच्या दारू सोडा म्हणणाऱ्या गाण्याला सगळ्यांत जोरात झील धरायचा आणि तिथून उठून प्यायला जायचा. मी विचारलं, "हा काय बदलला?"

"पिताना त्याला चाल आठवते. चव बिघडते," शाहीर म्हणाला.

मी मात्र कधी गायले नाही. मला गळा नाही. मी मागे भिंतीला टेकून सुपारी कातरत बसायचे. सगळ्यांसाठी थांबणारा हा माणूस माझ्यासाठी थांबायचा नाही. फक्त विचारायचा, "आक्का, तुमचं तोंड कधी उघडायचं?"

"जेवताना," मी म्हणायचे.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण पत्र्यावर खडे ओढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, बोला, पण जोर नको. त्यानं डफ शंकरच्या बायकोला दिला, चंद्रकलेला. त्या वर्षी क्वार्टरांतल्या जयंतीच्या कार्यक्रमात ती गायला उभी राहिली. शंकर पहिल्या रांगेत, त्या दिवशी न पिता. तिनं दारूचंच गाणं धरलं. नवऱ्याकडे बघून धरलं. सगळ्यांनी झील अशी उचलली की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले.

शाहीर मागे येऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकला होता. गाणं उभं राहिलं होतं, तो म्हणायचा तसंच. कुणी मागे वळून बघत नव्हतं. तो हसत होता, पण ते हसू पाहुण्याच्या घरी ठेवतात तसलं. बोटं मांडीवर ताल धरत होती. तोंड मिटलेलं.

मला ते बघवेना. मी अडकित्ता खाली ठेवला.

"शाहीर, तोंड शिवलंय का?"

त्यानं गळ्याकडे बोट केलं.

"गळा मलाही नाही," मी म्हटलं. "झील धरायला गळा लागतो, असं तुम्ही कधी कुणाला सांगितलंत?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बारीक घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आधी तुम्ही."

आता अडकले. चंद्रकलेची ओळ संपली. मी तोंड उघडलं. काय आवाज निघाला ते सांगत नाही, पुढची दोन पोरं दचकून वळली. ओळ निम्मी झाली तेव्हा माझ्या बाजूनं पत्र्यावर खडे ओढल्यासारखा आवाज यायला लागला. शाहीर झील धरत होता. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. पुढे असायची त्याला सवय.

कडवं संपल्यावर त्यानं डोळे पुसले आणि लगेच शिकवायला लागला. "आक्का, तुम्ही ओळ उशिरा उचलली."

"तुमच्यासाठी थांबले होते," मी म्हटलं.