सामंत मास्तरांचं 'अनस्टॉपेबल'

रविवार, १३ मे १९५६. उन्हं चढायच्या आत पातेलंभर चीक संपवायचा म्हणून गच्चीवर कुरडया घालत होते. तेवढ्यात शेजारचे सामंत मास्तर वर आले आणि माझ्या भरभर चाललेल्या सोऱ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे अनस्टॉपेबल नव्हे."

मी तसं म्हटलंच नव्हतं.

पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्याला इलाज नव्हता. मास्तर इंग्रजीचे, निवृत्त, विधुर; घरात ते आणि मुलगी कुमुद. वर्षभर त्यांनी या एका विशेषणाची राखण चालवली होती. ज्याला एकदा वेग आला की कुणीही आडवं येऊन उपयोग नाही, त्यालाच ते लावायचं, असा दंडक. माझं दूध उतू गेलं तेव्हा मी हौसेने शब्द वापरून पाहिला. "स्टोव्ह बंद करा, थांबतं. चूक!" आमच्या ह्यांनी धडधडत जाणारी मेलगाडी सुचवली. "ब्रेक असतो. चूक!" परबकाकूंची जीभ सुचवल्यावर मात्र ते जरा विचारात पडले. "जेवताना थांबते," शेवटी म्हणाले.

आज ते कठड्याला टेकून म्हणाले, "अचूक उदाहरण सापडलंय. आमची कुमुद. उद्या रजिस्टर लग्न करतेय. मुलगा मनोरीचा, फ्रान्सिस. तिच्याच ऑफिसात आहे."

सोऱ्या माझ्या हातून चिकात पडला. कावळे हाकणाऱ्या परबकाकू काठी उगारून तशाच उभ्या. "मास्तरांनू, चेडवाक अडवा!"

"महिनाभर अडवलं. रागावलो. दोन दिवस जेवलो नाही, तर तीही शेजारी बसून जेवली नाही. आता उद्या साक्षीदार म्हणून सही करणार."

बाप सही करणार! दुपारपर्यंत बातमी चाळभर झाली, आणि कुमुद पाण्याला निघाली की एकेक दार लागायला लागलं.

संध्याकाळी मास्तर माझ्या दारात, हातात पिशवी.

"वहिनी, घरून निघताना तिची ओटी भरायला हवी ना? तिची आई असती तर... चार घरी विचारून आलो."

"मग?"

त्यांनी पिशवीतून खण, तांदूळ आणि नारळ काढून दाखवला. नारळाची शेंडी उपटलेली, एक धागा न ठेवता घासून गुळगुळीत केलेला.

"दोन तास लागले," ते म्हणाले. "चांगला दिसायला हवा."

ओटीच्या नारळाला शेंडी लागते, हे त्या घरात सांगणारं कुणी नव्हतं. "बघते" म्हणून मी दार लावलं. हे लग्न मला पटलं नव्हतं, आणि तिची ओटी भरली तर उद्यापासून आपल्याही दाराशी कुणी येणार नाही हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाण्याकडून शेंडीचा नारळ आणला, पाट गॅलरीत मधोमध मांडला, कुमुदला हाक मारली आणि सगळ्या बंद दारांसमोर तिची ओटी भरली.