सोनवणेकाकांची रिबीन

सोनवणेकाकांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस हमखास विचारतो, "आज वाढदिवस आहे का कुणाचा?" कारण त्यांच्या गॅसच्या बटणाला लाल रिबीन बांधलेली असते. गिझरच्या स्विचला असते, गॅलरीच्या कडीला असते, मोरीतल्या नळाला असते. इस्त्रीच्या वायरला तर चक्क फूल करून बांधलेली असते. शाळेतल्या मुली वेण्यांना बांधायच्या ना, तसली साटीनची रिबीन. रविवार कारंज्यावरच्या दुकानदाराला कित्येक वर्षं वाटत होतं की काकांना चार-पाच मुली असाव्यात. खरं तर काका-काकूंना मूलबाळ नाही.

काका ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला जिथे जिथे झाकणं घातलेली असतात, तिथे तिथे लाल पट्ट्या लोंबत असतात. उडण्याआधी त्या सगळ्या काढायच्या. एक जरी राहिली तरी विमानाने जागचं हलायचं नाही. तरुणपणीच काकांनी ही पद्धत घरी आणली. बाहेर निघायचं तर एकेक वस्तू बंद करायची, तिची रिबीन सोडून शर्टाच्या खिशात टाकायची आणि सगळ्या रिबिनी खिशात जमल्या की मगच दाराला कुलूप घालायचं.

"वर गॅरेज नसतं," काका म्हणतात. म्हणजे विमान एकदा वर गेलं की दुरुस्ती नाही, जे काय तपासायचं ते खाली तपासा. ते कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी वर गॅरेज नसतं.

या पद्धतीचा एक पोटनियम आहे. ज्याने रिबीन बांधली, त्यानेच ती सोडायची. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा हा नियम मोडून बसले. तपासल्याशिवाय चालवू नये म्हणून पाण्याच्या मोटारीला काकांनी बांधलेली रिबीन त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली आणि बटण दाबलं. मोटार चालली, टाकी भरली, कुणाचं काही बिघडलं नाही. पण काका पुढचे आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "पाणी आलं ते नशिबानं आलं. रूल म्हणजे रूल," एवढंच म्हणाले.

एक रिबीन काकूंच्या पर्सलाही आहे. भाचीच्या लग्नाला निघताना काका सगळं घर तपासून, कुलूप लावून, स्कूटरला किक मारून एकटेच मालेगावच्या वाटेला लागले होते. पिंपळगाव आलं तेव्हा त्यांना पाठ हलकी वाटली. तेव्हापासून काकू मागे बसल्या की आधी पर्सची रिबीन सुटते, मग स्कूटर. "हाऊ माणूस येडा शे," काकू हसत हसत सांगतात. त्या बागलाणातल्या, रागावल्या किंवा लाडात आल्या की अहिराणीवर येतात.

तर अशा माणसाला मी सांगायला गेले की मला बंगलोरला नोकरी लागली आहे.

बाबा गेल्यापासून आई आणि मी दोघीच. सव्वीस वर्षांत मी एकटी कुठे राहिले नव्हते. पगार चांगला होता, भाड्याचा फ्लॅटही ठरला होता, आणि मला मात्र सकाळ-संध्याकाळ भीती वाटत होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. जो भेटेल तो पेढा तोंडात टाकत "मज्जा आहे बुवा!" म्हणत होता. काकांनी पेढा हातातच धरला आणि विचारलं, "कितवा मजला?"

"चौदावा."

पेढा बशीत परत गेला. "लिफ्ट बंद पडली तर?"

दुसऱ्या दिवसापासून माझं प्रशिक्षण सुरू झालं. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची. चौदा मजले भरायला आम्ही गच्चीपासून पार्किंगपर्यंत खाली-वर, खाली-वर करत होतो. काका पुढे, मी मागे, आणि दारात उभे राहून बघणारे शेजारी. "कठडा सोडू नको! चप्पल नाय, बूट घालायचे!" मग माझ्या डोळ्यांना काकूंचा रुमाल बांधून स्वयंपाकघरात सोडलं आणि गॅसचं बटण शोधायला लावलं. मी फ्रीज उघडला. "गेलीस तू," काका हळहळले.

फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला त्यांनी माझ्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. तो बिचारा उत्साहाने जिम दाखवत होता, बाग दाखवत होता. "अंकल, ये देखिए, स्विमिंग पूल!"

"पूल रहने दे रे. मेन स्विच किधर हे?"

त्याने क्लब हाउस दाखवलं. काकांनी पुन्हा मेन स्विच विचारला. शेवटी त्याने कुठल्याशा बोळात जाऊन एक काळी पेटी दाखवली तेव्हा काका जरा सैलावले.

आई वैतागली होती. "आधीच पोरगी धड जेवत नाहीये, त्यात हे घाबरवतायत," ती म्हणायची. तिला वाटायचं तसं मात्र नव्हतं. रात्रीची कॅब कुठे नेईल, ताप आला तर पाणी कोण देईल, आईला इथे काही झालं तर मी किती तासांत पोचेन, हे सगळं माझ्या डोक्यात घोंघावत होतंच. काका तेच मोठ्याने विचारायचे आणि मला कामाला लावायचे. जिना उतरताना पाय दुखायचे, भीती तेवढा वेळ विसरली जायची. नोकरी नको, असं कळवणारा मेल मी मनात रोज लिहीत होते.

एका दुपारी मी काकूंकडे वाटाणे सोलत बसले होते. काका गिरणीत गेले होते. काकू म्हणाल्या, "तुझे काका पण जाणार होते बरं का बंगलोरला. नोकरी लागली होती तिकडे, लय मोठी. लग्नाआधीची गोष्ट. पंचवटीतली खोली बंद केली, नाशिकरोडला गाडीत बसले आणि देवळालीला उतरले."

"देवळालीला? ते तर पुढचंच स्टेशन!"

"वातीचा स्टोव्ह चालू राहिला, असं वाटलं त्यांना. ट्रंक डोक्यावर घेऊन परत आले. बघतात तर स्टोव्ह विझलेला! मग गेलेच नाहीत. तवापासून ह्या रिबिनी." काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "माझं बरंच झालं म्हणा. गेले असते तर मला कुठून मिळाले असते?"

मीही हसले. काका आले तेव्हा आम्ही दोघींनी वाटाण्यांत डोकं घातलं.

जायच्या आठ दिवस आधी काकांनी माझ्या मोठ्या बॅगेच्या मुठीला लाल रिबीन बांधली. "निघताना मी सोडीन," म्हणाले. बॅग कोपऱ्यात उभी आणि तिच्यावर ते लाल फूल. मी येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळत होते.

तो दिवस आला. विमान दुपारचं होतं, ओझरहूनच. आई मला विमानतळावर सोडायला येणार होती. टॅक्सी पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली, दोन्ही बॅगा खाली आल्या आणि काकांचा पत्ता नाही. एरवी कुणाची टॅक्सी आली की ते चाकातली हवासुद्धा बघतात.

काकूंनी गॅलरीतून खूण केली. काका पाण्याच्या मोटारीच्या खोलीत होते. बंद मोटारीपाशी उभे राहून ते तिचं झाकण फडक्याने पुसत होते.

"काका, रिबीन."

"हां, हां. आलो." ते आले, पण रिबिनीला हात लावेनात. बॅगेची चाकं फिरवून पाहिली. चेन उघडली, लावली. ओळखपत्र विचारलं, चार्जर विचारला, पुन्हा चाकं पाहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आई गाडीत बसून डोळे पुसत होती आणि आम्हाला ते दिसू नये म्हणून दुसरीकडे बघत होती.

तिला तसं पाहिलं आणि मी टॅक्सीपासून मागे सरले. मला नाही जायचं, एवढंच डोक्यात होतं. तोंडातून मात्र निघालं, "आई, गॅस बंद केला का गं आपण? मी बघून येते पटकन." वर जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, आणि मग कुणी कितीही हाका मारल्या तरी खाली यायचं नाही, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते कुणाकडे असं बघताना मी पाहिले नव्हते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तो स्टोव्ह विझलेलाच होता."

"माहीत आहे. काकूंनी सांगितलं."

"तिला तरी कुठं ठाऊक हे? स्टोव्ह विझवताना माझं बोट भाजलं होतं. देवळालीला उतरलो तेव्हा बोटाची आग होत होती. विझलाय, हे मला गाडीतच ठाऊक होतं."

"मग उतरलात कशाला?"

"भ्यालो," काका म्हणाले. "लय भ्यालो होतो."

त्यांनी बॅगेची रिबीन सोडायला घेतली. काकांची गाठ एका ओढीत सुटते, असा त्यांचा लौकिक. ही सुटेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला. शेवटी ती सुटली.

"गॅस बंद हे. मघाशी वर जाऊन मी हातानं पाहिलाय. बस गाडीत."

मी त्यांच्या हातातली रिबीन घेतली आणि शेजारीच त्यांची स्कूटर उभी होती, तिच्या हँडलला बांधून टाकली. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. मग मी गाडीत बसले.

बंगलोरला येऊन आता दोन महिने होतील. मेन स्विच कुठे आहे ते मला माहीत आहे. भीती अजून वाटते, पण रोज वाटत नाही. आई सांगते, काका दोन्ही वेळा दार वाजवतात आणि गॅस पाहून जातात.

परवा काकूंचा फोन आला. "तुना काका आते बाजारले पायी जास," म्हणाल्या. "दळण खांद्यावर. स्कूटरला हात लावू देईनात कुणाला."

"का? बिघडली का?"

"बिघडली कशाची! मी म्हटलं, सोडा ती रिबीन. तर म्हणतात, पोरीनं बांधलीय, पोरगीच सोडंल."

मी तेव्हाच दिवाळीचं तिकीट काढलं.