हॉलमधल्या दोघी

हिंदुरावांचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि ज्यांच्यापायी तापलं होतं ते दोघे हॉलच्या मधोमध ढिम्म उभे होते.

स्पीकर! माणसाएवढे उंच, पांढरेशुभ्र, कुठं कोपरा नाही की कड नाही. खाली पोट सुटलेलं, मध्ये कंबर, आणि वर धोतऱ्याच्या फुलाच्या आकाराचा निळाशार भोंगा. मुलगा अविराज पुण्याला नोकरीला होता. तिथल्या फ्लॅटमध्ये ते मावेनात, म्हणून त्यानं ते कळंबच्या बंगल्यात आणून उभे केले होते.

"स्पीकर आयकायचा असतोय का बघायचा?" हिंदुराव कडाडले.

"आबा, ह्यो बघायचा बी असतोय. ह्या आकारासाठी लोक जीव टाकत्यात. शिल्प हाय हे, शिल्प!"

"मग म्होरं जाळी तरी लाव. उघडं भोंगं काय दावत बसलाय?"

"जाळी लावली की रूप जातंय."

हिंदुरावांनी चहाची बशी आदळली. दुपारी लोणी भापकरहून श्रेयाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला पाहुणे यायचे होते. नवरामुलगा रविराज शिकलेला, डाळिंबाची बाग स्वतः बघणारा. पण त्याचे आजोबा महिपती तात्या जुन्या वळणाचे. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नसे. असल्या माणसापुढं हे दोन भोपळे?

"अगं ए, झाक ती भुतं!" त्यांनी बायकोला फर्मावलं.

लीलाबाईंच्या घरात टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, कशालाच उघडं राहायची मुभा नव्हती. त्यांनी ट्रंकेतून दोन जुनी लुगडी काढली, एक हिरवं, एक जांभळं. दोन्ही स्पीकरांना ती नीट गुंडाळली आणि भोंग्यांवरून पदर ओढले.

"पिन लावू नकोस! वरखडा पडंल!" अविराज ओरडला. "पियानोला देत्यात तसलं पॉलिश हाय त्येला!"

"तुझ्या पॉलिशला लावली काडी!" हिंदुराव उसळले. बापलेकांची जुंपणार तोच दारात पाहुण्यांची गाडी वाजली.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनचं नाव ते काढू देत नसत. उंबऱ्यातूनच त्यांनी हिंदुरावांना आणि मग लुगड्यांतल्या त्या दोघींना हात जोडले. "राम राम, बायांनू."

उत्तर आलं नाही. हिंदुराव घाईनं पुढं झाले. खरं सांगावं, तर तात्यांना दिसत नाही हे चारचौघांत उघडं पडणार.

"भैणी हाईत माझ्या," ते बोलून गेले.

"मग बसा म्हणा की त्यास्नी."

"न्हाय बसत. गुडघं धरल्यात."

"दोघींचं बी?"

"दोघींचं बी."

"आरारारा! च्या तरी द्या त्यास्नी."

लीलाबाई मुकाट्यानं दोन कप घेऊन दोघींकडं गेल्या. "आई, वर कप ठेवू नगं," अविराज दात ओठ खात कुजबुजला. तात्यांशेजारी बसलेल्या रविराजनं सारं ओळखलं होतं. तोंडात रुमाल कोंबून तो छताकडं बघत होता.

श्रेया पोहे घेऊन आली. ती बारामतीच्या कॉलेजात शिकवायची.

"लग्नानंतर नोकरी सोडशील नव्हं?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय. का सोडायची?"

"घरच्यांनी सांगितलं म्हणून."

"घरच्यांनी कारण बी सांगाया पायजे."

तात्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "पोरी, लई बोलतीस. ह्या तुझ्या आत्यांकडं बघ. आल्यापास्नं उभ्या हाईत. डोईवरचा पदर ढळला न्हाय, का तोंडातनं सबूद न्हाय. बाई असावी तर अशी!"

श्रेयानं पोह्यांची बशी खाली ठेवली. ताडताड चालत गेली आणि हिरवं लुगडं हिसका मारून ओढलं. मग तात्यांचा हात धरून तिनं त्या गुळगुळीत पोटावर टेकवला.

"गार लागतंय का तात्या? बाई न्हाय, स्पीकर हाय. नुसता उभा ऱ्हायला की लई देखणा दिसतोय, म्हणून दादानं आणलाय!"

तात्यांनी झटक्यात हात मागं घेतला. "हिंदुराव! माझी चेष्टा मांडलीया व्हय?"

हिंदुराव माफी मागायलाच उठले होते. हातसुद्धा जोडले होते. पण सकाळपासून तुंबलेला राग आता भलत्याच पाटाला लागला.

"खोटं बोललो, ती चूक माझी. पाया पडतो. पण माझ्या पोरीला ह्या भोपळ्यावानी उभी ऱ्हा म्हणणारं तुमी कोण?"

लीलाबाईंच्या हातातली किटली हवेतच थांबली. तात्या काठी आपटत बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. "रव्या, चल! हितलं पाणी सुदिक नगं!"

रविराज उठला, पण दाराकडं गेला नाही. उघड्या स्पीकरसमोर जाऊन त्यानं निळ्या भोंग्याच्या कडेवरून अलगद बोट फिरवलं.

"काय घडवलाय!" तो म्हणाला. मग मान वळवून त्यानं श्रेयाला विचारलं, "आवाज कसा हाय?"

"कुणाचा? ह्येचा का माझा?" ती अजून धुमसत होती.

"तुमचा आयकला. मला आवडला. आता ह्येचा आयकवा."

श्रेयानं हसू दाबत भावाला खूण केली. अविराजनं घाईघाईनं जांभळं लुगडंही सोडलं आणि गाणं लावलं. बाहेर तात्यांनी गाडीचा हॉर्न दाबून धरला. तो काही केल्या थांबेना.

हिंदुराव डोळे वटारून मुलाकडं वळले.

"आरं, बघतोस काय नुसता? वाढीव की आवाज!"