अर्धं ताट हिरवं

आमच्या दवनीवाड्यात लग्नाची पंगत बसली, पत्रावळी मांडून झाल्या, की भाताची टोपली निघायच्या आधी एक म्हातारा माणूस उठतो. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर खताच्या पोत्याची धुवून शिवलेली पिशवी आणि हातात बोटभर पात्याची सुरी. पंगतीच्या एका टोकाला तो वाकतो आणि प्रत्येकाच्या पत्रावळीवर काकडीच्या चार चकत्या, मुळ्याची एक फोड, लिंबाची एक फाक ठेवत दुसऱ्या टोकाला निघतो. काकडी तो हातातच चिरतो. चकती सुरीवरून थेट पत्रावळीवर पडते. तो ना वधूकडचा असतो, ना वराकडचा, ना वाढपी.

एकदा बालाघाटकडच्या वरातीतले एक जाडजूड गृहस्थ चिडले. म्हणाले, "अरे भाई, हम शादी में आए हैं, दवाखाने में नहीं."

"अभी नहीं आए," म्हातारा शांतपणे म्हणाला, "इसलिए दे रहा हूँ." आणि त्यांच्या पत्रावळीवर मुळ्याची आणखी एक फोड ठेवून पुढे गेला.

हे झनकलालमामा. गाव त्यांना सलादमामा म्हणतं, मी मामाजी म्हणतो. माझ्या घरासमोर, गल्ली ओलांडली की त्यांचं घर. पंचाहत्तरी गाठलेली, पाठ अजून ताठ. सगळी नोकरी त्यांनी इटियाडोहच्या कालव्यावर पाटकरी म्हणून केली. गेट उघडायचं, गेट पाडायचं, कोणत्या बांधीत किती वेळ पाणी जाईल ते पाहायचं. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी बांध घातलेलं. नोकरी सुटली, पण मामाजींचं पाणी सोडणं सुटलं नाही. आता ते ताटात सोडतात.

"ताट म्हंजे बांधीच हाये, मुन्शीजी," ते मला सांगतात. मी राइस मिलमध्ये असल्यामुळे त्यांच्यासाठी मी मुन्शीजी. "अर्धी बांधी हिरव्याची. पावभर वरनाची, नाईतं उसळीची. उरली पाव, ते भाताची. भाताले मधात बांध पायजे. बांध नसन तं तो सारीकडं पसरते."

आणि खरोखरच ते ताटात मुळ्याच्या फोडी ओळीने मांडून बांध घालतात. वरण वाढताना एकदम ओतत नाहीत. पळी तिरपी धरून धार सोडतात आणि भाताच्या कडेला पोचली की मनगट वळवून बंद करतात. मी ते मनगट कित्येकदा पाहत बसलो आहे. वीस-बावीस वर्षं मी यंत्रांजवळ उभा आहे, पण इतकं अचूक थांबणारं यंत्र मी पाहिलेलं नाही.

भाताशी मात्र त्यांचं भांडण नाही, उलट भक्ती आहे. पांढराशुभ्र भात वाढला की ते विचारतात, "याचे कपडे कोनं काढले?" त्यांच्या मते तांदळाचा कोंडा म्हणजे त्याचं अंगावरचं वस्त्र. घरामागच्या अर्ध्या एकरात ते स्वतःपुरता चिन्नोर लावतात. बारीक दाण्याचं, वासाचं जुनं धान. उतारा कमी, आडवं पडायची भीती, म्हणून आता फार कोणी लावत नाही. वासाच्या बाबतीत तर त्यांच्या नाकाला मी हात जोडतो. एका तेरवीत मांडवाबाहेर चपला काढतानाच ते म्हणाले, "दोन जातीचा मिसळला हाये. एक नवा, एक मागच्या सालचा." आचाऱ्याने मान डोलावली होती.

हे वेड त्यांना नोकरीत असताना नव्हतं. आठ वर्षांपूर्वी सुभद्रामामी गेल्या, त्यानंतर लागलं. मामाजी कालव्यावर, मामी गावात, असा त्यांचा सगळा संसार. ते पंधरवड्यातून एकदा यायचे. मामी एकट्याच जेवायच्या, भात आणि तिखटमिठाचं पाणी, की झालं. शुगर कधी वाढली, पाय कधी बधिर झाले, कोणाला कळलंच नाही. मामाजी त्याबद्दल फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, "मी हजार बांध्या पाहल्या, मुन्शीजी. तिच्या ताटात नाई पाहलं." आणि लगेच मला गाजर सोलायला दिलं.

मलाही शुगर निघाली, तेव्हा माझ्या बायकोने, सुनंदाने, मला सरळ मामाजींच्या हवाली केलं. "मामाजी, हे माझं ऐकत नाहीत. मिलमध्ये रोज समोसे खातात."

"कायले खाता?" मामाजींनी मला विचारलं. समोसा कशासाठी खातात हे मला आजही सांगता येणार नाही.

गुरुवारी आमच्या मिलला सुट्टी असते. ठरलं की दर गुरुवारी दुपारी मी मामाजींकडे जेवायचं.

ती जेवणं मी विसरणार नाही. दहा वाजल्यापासून त्यांची तयारी चाले. तळ्यातून आलेले ढेस, म्हणजे कमळाचे देठ, पातळ चिरून उकडलेले. मोड आलेले मूग. चिवळीची कोवळी भाजी, नुसती धुवून, लिंबू आणि जवसाची चटणी लावून. टोमॅटो, कांद्याची पात, मुळा, मुळ्याचा पालाही. उकडलेला शिंगाडा कधी भाताऐवजी, कधी रताळं. आणि भात असला तर कोंड्यासकट शिजवलेला चिन्नोर, बदामी रंगाचा, चावावा लागणारा. मी आधी हिरव्याला हात लावेपर्यंत ते भात वाढत नसत. पहिल्या गुरुवारी मी कैद्यासारखा जेवलो. चौथ्या गुरुवारी मी बुधवारपासूनच वाट पाहत होतो. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी शुगर उतरल्याचा कागद पाहून विचारलं, "काय करून राहिले आहात?" मी म्हणालो, "शेजाऱ्याकडे जेवतो."

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो. त्यासाठीच हे लिहायला बसलो.

गेल्या हिवाळ्यात मामाजींनी त्यांचं धान माझ्याकडे आणलं. गावातल्या हलरमध्ये साल आणि कोंडा एकाच फटक्यात निघतात, म्हणून ते तिथे जात नाहीत. मोठ्या मिलमध्ये मात्र रबरी रोलांचा शेलर असतो, तो नुसती साल सोडवतो. पुढे तांदूळ आपोआप पॉलिशरकडे चढतो. तो वाटेत अडवायचा असेल तर मधली एक पत्र्याची झडप हाताने फिरवावी लागते. एवढ्याशा धानासाठी एवढी मोठी मिल थांबवणं कोणालाही आवडत नाही, पण मी शब्द दिला होता. मामाजी म्हणाले, "गेट तुम्ही सोता पाडजा, मुन्शीजी. दुसऱ्याच्या भरोशावर नाई." मी म्हणालो, "मी स्वतः उभा राहीन."

मी उभा राहिलो नाही. मिस्त्री म्हणाला अजून दहा मिनिटं लागतील, आणि फाटकासमोरच्या टपरीवर गरम समोसे निघत होते. मी दोन खाल्ले. परत आलो तेव्हा मामाजींचा चिन्नोर पॉलिशरमधून पोत्यात पडत होता. मोत्यासारखा पांढरा. सगळी मिल दरवळत होती. मिस्त्री कौतुकाने म्हणाला, "मुन्शीजी, क्या चावल है."

मामाजींना फोन करून सांगायला हवं होतं. मी तसं केलं नाही. समोसा खायला गेलो होतो हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मिलमध्ये दुसऱ्या एका बारीक जातीचा, नुसती साल काढलेला तांदूळ पडला होता. तो मी रीतसर विकत घेतला, मामाजींच्या पोत्यांत भरला, तोंडं शिवली आणि संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवला. त्यांनी मूठभर हातात घेतला, पाहिला, परत पोत्यात टाकला. म्हणाले, "मेहनत घेतली तुम्ही."

पांढरा चिन्नोर मी घरी नेऊन धान्याच्या कोठीमागे ठेवला. त्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. सुनंदाला सुचलं. जानेवारीत शेजारच्या गावात शंकरपट होता, बैलांच्या शर्यती, म्हणून तिचे भाऊ आणि भाचे मिळून सात पाहुणे आले. मी मिलमधून घरी पोचलो तोवर तिने तो शिजवला होता. साळेभाऊ तिसऱ्यांदा भात घेत म्हणाले, "भाटवे, असा तांदूळ असतो आनि तुम्ही आमाले सांगत नाई?" मी मान खाली घालून जेवलो. भात अप्रतिम होता, हेही कबूल करतो.

त्यानंतरचे गुरुवार मला कठीण गेले. मामाजी माझ्यापुढे तोच खोटा तांदूळ शिजवून वाढत. मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडे पाहत. मी म्हणे, "छान झालाय." ते म्हणत, "खा, खा." मला वाटे, म्हातारपणाने नाक गेलं बिचाऱ्याचं. आणि त्या वाटण्याची मला आणखी लाज वाटे. असे दहा-अकरा गुरुवार गेले.

मार्चमधल्या एका गुरुवारी त्यांनी ताट वाढलं. मुळ्याचा बांध घातला, कैरीचा कीस ठेवला, वरणाची धार सोडली, थांबवली. एका अपराध्यासाठी एवढी निगुती माझ्याने पाहवेना. मी हात मागे घेतला.

"मामाजी, हा तांदूळ तुमचा नाही."

ते पळी धरून तसेच बसले. मी सगळं सांगितलं. झडप, टपरी, दोन समोसे, पोती, सात पाहुणे. समोसे दोन होते हेही सांगितलं, एक सांगता आला असता.

"मालूम हाये," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"पोत्यात हात घातला तेव्हाच. दाना लांब होता." त्यांनी पळी भांड्यात ठेवली. "मंग संक्रांतीच्या बाजूले तुमच्याकडं पाहुने आले. मी वट्ट्यावर बसलो होतो. माहा चिन्नोर तुमच्या घरून येऊन राहिला होता, साऱ्या गल्लीत. पोटभर खाल्ला ना पाहुन्यायनं?"

"तीन-तीनदा घेतला."

"संगं हिरवं काही होतं का?"

"लोणचं होतं."

त्यांनी फक्त एवढ्यावर नाराजीने मान हलवली. माझ्या खोटेपणावर काहीच म्हटलं नाही. ते मला सहन होईना. "मामाजी, मग बोलले काऊन नाही? दोन शिव्या द्यायच्या होत्या."

त्यांनी ताटातला मुळ्याचा बांध बोटाने सरळ केला. मग म्हणाले, "देल्या असत्या. मंग पुढच्या गुरुवारी तुम्ही आले असते का?"

त्या दिवशी तरी खरं बोलायचं ठरवलं होतं. "नसतो आलो," मी म्हणालो. "लाजेने नसतो आलो."

"तेच तं." त्यांनी माझ्याकडे ताट सरकवलं. "खा आता."

मी जेवलो. बोलायचं म्हणून विचारलं, "कैरीचा कीस रोज करता का आता?"

"रोज कोठं. गुरुवारीच."

"बाकी दिवशी?"

ते चाचरले. पंगतीत पाहुण्यांना उलट उत्तर देणारा हा माणूस पहिल्यांदाच माझ्यासमोर चाचरला. "बाकी दिवशी उभ्या उभ्याच होते, चुलीपाशी. भात काढाचा, मीठ टाकाचं, गंजातच खाऊन घ्याचं." मग जणू मीच त्यांच्यावर आरोप केला असावा तसं म्हणाले, "एकल्यासाठी काकडी कोन चिरत बसते, मुन्शीजी?"

मी या माणसाला एवढी वर्षं घाबरून आणि भारावून पाहत आलो होतो. अख्ख्या गावाच्या ताटात बांध घालणारा माणूस सहा दिवस मीठभात खात होता, गंजातून, शिजवायच्या पातेल्यातूनच, आणि सातव्या दिवसासाठी दहा वाजल्यापासून चिरायला बसत होता. सातवा दिवस मी होतो. आणि त्या दिवसासाठी त्याने खोटा तांदूळ खरा म्हणून शिजवला होता.

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं. ती उठून भाजीच्या टोपलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मिलमधून सुटलो ते तसाच, डबा न ठेवता, मामाजींच्या दारात गेलो. हातात सुनंदाने सकाळीच भरून दिलेली काकड्यांची पिशवी होती. मामाजी चुलीपाशी उभे होते. मला पाहून त्यांनी गंजावर झाकण टाकलं.

"आज शुक्कर हाये, मुन्शीजी."

"मालूम हाये," मी म्हणालो. खाली बसलो, त्यांची सुरी घेतली आणि काकडी चिरायला लागलो. माझ्या चकत्या जाड, वाकड्या पडत होत्या. ते थोडा वेळ उभ्यानेच पाहत राहिले. मग माझ्यासमोर मांडी घालून बसले, चिरलेल्यातली एक चकती उचलून चावली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाये. टोक कापून घासली नाई?"

"नाही."

"आना इकडं," ते म्हणाले, आणि दुसरी काकडी त्यांनी पिशवीतून काढून घेतली.