वॉल्टरभावोजींची अकरावी गोष्ट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वॉल्टर आपली गोष्ट वाचून दाखवताना माणसाच्या हसण्याला मार्क देतात. नुसतं नाकातून हसलात तर कागदाच्या कडेला पेन्सिलीचं एक टिंब. दात दिसले तर दोन. डोळे पुसावे लागले तर तीन. मी एकदा भिडेखातर हसले, तर पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "अगं मंगल, हे पाहुणीचं हसू. चालणार नाही."

वॉल्टर म्हणजे ओहायोतल्या एका न्हाव्याचा मुलगा. त्याच्या बोलण्यावर गिऱ्हाईक हसायचं, वस्तरा हलायचा, म्हणून बाप त्याला दुकानाबाहेर काढायचा. पुढे त्याच दुकानावर त्यांनी विनोदी गोष्टींचं पुस्तक लिहिलं. पस्तीस वर्षं ते एकुलतंच राहिलं. बायको सुधाताई, सांगलीच्या. सुधाताईंच्या नोकरीमुळे दोघं सिंगापूरला, आमच्या मरीन परेडला आले. मी त्यांना ताई म्हणायचे, म्हणून हे भावोजी. मराठी बायकोकडून शिकल्यामुळे हा सहा फुटी गृहस्थ अजून "मी येते, मी बसते" म्हणतो. दोनदा दुरुस्त केलं, मग तो विषय मी यादीतून खोडला.

दुसऱ्या पुस्तकात अकरा गोष्टी. दहा तयार होत्या. अकरावीच्या आधी, २०१४ साली, ऐकणाऱ्या सुधाताई गेल्या आणि टिंबं पडेनात. अमेरिकेतला संपादक मेल पाठवून थकला. शेवटी ऐकायचं काम मी अंगावर घेतलं. दर शनिवारी, भाजी आणून झाली की दहा वाजता. चार शनिवारांत उरकेल, असा माझा हिशेब.

आठ महिने झाले. गोष्ट काही संपेना.

मग एका शनिवारी गोष्टीतला पाद्री अर्धीच दाढी करून लग्न लावायला पळाला आणि सगळं वऱ्हाड त्याच्या गुळगुळीत गालाच्या बाजूला जाऊन बसलं. मी पदराने डोळे पुसले. तीन टिंबं! पुढच्या शनिवारी ऐकते तर वऱ्हाड दोन्ही बाजूंना शिस्तीत बसलेलं.

मी घरी जाऊन वही आणली. कुठे हसले ते मीही लिहून ठेवत होते.

"भावोजी, केकवर बसलेली करवली कुठे गेली? महापौरांची शिंक? जिथे जिथे हसले, ते ते तुम्ही कापलंत. गोष्ट सुधारताय की बिघडवताय?"

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"गोष्ट चांगली झाली की मला ती पाठवावी लागेल. मग शनिवारी तू कशाला येशील?"

मी वही मिटली.

"चहाला येईन. वऱ्हाड परत एका बाजूला बसवा, आणि आजच्या आज पाठवा."

"आणि वाचायला काही नसलं तर?"

"तर मी बोलेन. तुम्ही हसा."

त्यांनी संध्याकाळी गोष्ट पाठवली. पुढच्या शनिवारी मी गेले, तर दार उघडंच. टेबलावर दोन कप होते, कागद एकही नव्हता. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

"बोल," म्हणाले.